दोन हजार डॉलरचा नेम

सॅक्रॅमेंटो खोऱ्यात बदकांच्या मोसमात बदकांहून उंच उडते ती शिकाऱ्यांची फुशारकी. पहाटे चारला रेफ्यूजच्या, म्हणजे राखीव पाणथळ क्षेत्राच्या, तपासणी नाक्यावर रांगेत उभे राहा. वारा कुठून आहे, भातखाचरांत पाणी किती चढलंय, हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न, ‘तुझी बंदूक कुठली?’ बेनेली म्हणालात की माना डोलतात. स्टोगर म्हणालात की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी कीव उमटते, जणू तुम्ही लग्नाच्या पंगतीत घरून डबा घेऊन आला आहात. कॅलिफोर्नियात शिकारीचा परवाना काढणारे मराठी लोक बोटांवर मोजण्याइतके, पण तेवढ्यांनाही ही लागण झालीच आहे. पहिलं बदक पडायच्या आधी बेनेलीची सुपर ब्लॅक ईगल घरात हवी!

हौसेला मोल नसतं, कबूल. मग हौस म्हणून घ्या आणि तसं सांगा. ‘भरवशासाठी घेतली’, ‘बदकांसाठी हीच लागते’ असलं कीर्तन मला ऐकवू नका.

ज्या दोन बंदुकांवरून माणसं एवढी हमरीतुमरीवर येतात, त्यांचा गल्ला एकच आहे. बेनेली इटलीतल्या उर्बिनोची, स्टोगरच्या एम३००० आणि एम३५०० तुर्कस्तानात बनतात, आणि दोन्ही कंपन्यांची मालकी बेरेटा समूहाकडे. पोटातलं यंत्रही एकाच जातीचं. इटालियन तंत्रज्ञ ब्रुनो चिवोलानी याची ही रचना. बार उडाला की अख्खी बंदूक मागे सरकते, आतला जड बोल्ट जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो, मधली आखूड, जाड स्प्रिंग दबते आणि उलगडताना बोल्टला मागे फेकते. रिकामं टरफल बाहेर, नवं काडतूस आत. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं जडत्व. स्टोगरला सहाशे-सातशे डॉलर पडतात, बेनेलीला दोन हजारांच्या आसपास. मधल्या तेराशे डॉलरांत फिनिश चांगलं मिळतं, वजन कमी होतं, दस्ता खांद्याला मऊ लागतो, जोडकाम सफाईदार असतं. हे सगळं खरं आहे. यातलं काहीही बदकापर्यंत पोहोचत नाही, हेही तितकंच खरं.

‘पण वेगाचं काय?’ वेग कशासाठी हवा आहे, महाराज? बदकांच्या शिकारीत बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं चालतात. मॅगझिनमध्ये अडसर बसवून ती दोनावर रोखायची आणि तिसरं नळीत. अमेरिकेचा हा कायदा १९३५ पासूनचा आहे. इथल्या रेफ्यूजवर तर मैदानात नेता येतात ती काडतुसंच पंचवीस. पहिला बार चुकल्यावर उरलेले दोन निमिषभर लवकर सुटले, तर ते निमिषभर लवकर चुकतात, एवढंच. तीनच बार टाकायचे तर जुनी पंप ॲक्शन रेमिंग्टन ८७० सुद्धा पुरते, पण ती खांद्यावर टाकून मिरवता येत नाही ना!

माझा खरा राग साडेतीन इंची काडतुसावर आहे. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले, कारण तळ्याच्या गाळात पडलेलं शिसं खाऊन पक्षी मरत होते. निर्णय योग्यच होता. पण स्टीलचे छर्रे हलके, त्यांचा जोर लवकर ओसरतो. साध्या शिकाऱ्याच्या हातात त्यांची मजल पस्तीस-चाळीस यार्डांची. यावर उपाय सोपा होता: बदक जवळ येईपर्यंत थांबा. पण थांबणं दुकानात विकता येत नाही. म्हणून लांब काडतूस विकलं, मग ते गिळणारी महाग बंदूक विकली. परिणाम दर शनिवारी दिसतो. साठ यार्डांवरून जाणाऱ्या थव्यावर कुणीतरी बार टाकतो. थवा उधळतो, एखादं बदक पंखात छर्रा घेऊन लांब टुली नावाच्या लव्हाळ्यांच्या बेटात पडतं आणि कुणालाच सापडत नाही. आजूबाजूच्या चार जणांची सकाळ मातीत जाते. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे परवडले, हे लोक नवं अंगणच विकत घेतात.

इथे मारली जाणारी थापट्या आणि तलवार बदकं नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरलाही हिवाळ्यात उतरतात. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. शिकारच नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण जिथे ती कायदेशीर आहे, तिथे निदान पक्षी जखमी करून सोडू नये, एवढी लाज शिकाऱ्याला हवी.

महाग बंदूक कुणी घ्यावी? जो वाटाड्या आहे, जो मोसमभर रोज चिखलात असतो, जो वर्षाला हजारो बार टाकतो. त्याचे पैसे वसूल होतात. मोसमात चार डबे काडतुसं न संपवणाऱ्याने तिच्याकडे बघूही नये. उलट, स्वस्त ते सगळं सोनं असंही नाही. दर दोन वर्षांनी ज्यांचा आयातदार बदलतो आणि सुटे भाग कुठे मिळतात हे दुकानदारालाही ठाऊक नसतं, असल्या अनोळखी तुर्की बंदुका स्वस्तातही महाग पडतात. ओळखीच्या नावाची घ्या. कारखान्यातून आलेलं चिकट तेल पुसून काढा. मोसमाआधी जड काडतुसांचे एक-दोन डबे तिच्यातून जाऊ द्या, कारण जडत्वावर चालणाऱ्या नव्या बंदुका हलकी काडतुसं कुरकुरत घेतात. दस्ता तुमच्या खांद्याला आणि गालाला बसतो का, ते दुकानातच पाहा. बसत नसेल तर उर्बिनोची असली तरी परत ठेवा. आणि छद्मरंगाचे जादा शंभरएक डॉलर वाचवा. बदकं बिचकतात ती तुमच्या हलण्याने, वर काढलेल्या चेहऱ्याने. काळ्या नळीने नाही.

वाचलेल्या तेराशे डॉलरांत स्टीलची हजारभर काडतुसं येतात किंवा उन्हाळाभर क्ले पिजनच्या उडत्या चकत्यांवर सराव होतो. तेवढा सराव केलेल्या माणसाशी दोन हजारवाल्याने माझ्यासमोर पैज लावावी. आणि जाता जाता पोस्टात थांबा, शिकाऱ्याला लागणारा पंचवीस डॉलरचा डक स्टॅम्प एकाऐवजी दोन घ्या. त्यातले ९८ टक्के पैसे पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात.