तारीख बदलून मागताना

उधारीच्या वसुलीसाठी न्यायालयाची पायरी चढणे कोणत्याही व्यापाऱ्याला रुचत नाही. त्यात नेमलेली तारीख घरच्या कार्याच्या दिवशीच यावी, हेही नवीन नाही. पर्युषणात आईने अठ्ठाई केलेली, पारण्यासाठी गावोगावचे नातलग आलेले, आणि त्याच सकाळी अकरा वाजता वादी म्हणून आपली उलटतपासणी! अशा वेळी ‘वकीलसाहेब बघून घेतील’ असे म्हणून पेढीचा मालक निर्धास्त होतो. पुष्कळांची चूक येथेच होते.

तारीख लांबवून मिळणे हा पक्षकाराचा हक्क नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १७, नियम १ प्रमाणे ‘पुरेसे कारण’ दाखविल्यासच न्यायालय सुनावणी तहकूब करते आणि त्याची कारणे लिहून ठेवते. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. आपला वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे, हे कारण तर संहितेने स्पष्टपणे नाकारले आहे. तरी मुदतीच्या अर्जांत तेच अधिक आढळते.

म्हणून तारीख कळताच ती रोजमेळाशेजारच्या डायरीत उतरवून पंचांगाशी ताडून पाहावी. अडचण दिसली तर वकिलाला त्याच आठवड्यात कळवावे. न्यायाधीशांच्या नावे टपालाने खासगी पत्र धाडू नये. मागणी रीतसर अर्जानेच, प्रकरणाच्या फाईलमध्ये दाखल व्हावी लागते आणि तिची प्रत विरुद्ध बाजूस द्यावी लागते.

अर्ज एका पानाचा पुरे. वर न्यायालयाचे नाव, दावा क्रमांक, वादी-प्रतिवादींची नावे व नेमलेली तारीख. खाली मजकूर साधा: ‘सदर दाव्यात दि. … रोजी वादीची उलटतपासणी नेमलेली आहे. वादीच्या मातोश्रींच्या आठ उपवासांचे पारणे त्याच दिवशी असून वादी त्यांचा एकुलता मुलगा आहे. यापूर्वी वादीने एकदाही मुदत मागितलेली नाही. सबब पुढील नजीकची तारीख मिळावी, ही विनंती.’ यातील ‘एकदाही मुदत मागितलेली नाही’ हे वाक्य खरे असेल, तर त्याचे वजन कारणाइतकेच असते. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. नसलेल्या आजाराचा दाखला मात्र कोणी मिळवू नये; उलटतपासणीत विरुद्ध पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारील, आणि मग हिशेबाच्या वह्याही संशयास्पद ठरतील.

अर्ज दिला म्हणजे तारीख मिळाली, असे नाही. त्यावर आदेश होईपर्यंत त्या दिवशी वकील तेथे उभा असला पाहिजे. तो बाहेरगावी असेल तर त्याने दुसऱ्यास सोपवून जावे. अर्ज फेटाळला गेला आणि कोणीच हजर नसले, तर वादीचा दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. दावा पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज निकाली निघाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. तहकुबी मिळाली तरी न्यायालय दुसऱ्या बाजूचा खर्च भरण्यास सांगू शकते. तो मुकाट्याने व वेळेत भरावा.

न वटलेल्या धनादेशाच्या फिर्यादीत धोका याहून मोठा. फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. आरोपी न सांगता गैरहजर राहिला तर त्याच्यावर वॉरंट निघते. त्याने वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज आधीच द्यावा. जीएसटीच्या नोटिशीवरील सुनावणीतही पुरेसे कारण दाखवून मुदत मिळते, पण तेथेही मर्यादा तीन वेळांचीच आहे.

आदेश झाला की पुढची तारीख तोंडी ऐकून थांबू नये. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक घालून ती घरबसल्या पाहता येते. ती डायरीत लिहावी आणि पेढीवरच्या धाकट्या भावालाही सांगून ठेवावी.