बैठकीचा पत्ता

दारूच्या दुकानाचा पत्ता आमच्या अमरावतीत शाळकरी पोरही बिनचूक सांगेल. परंतु दारू सोडलेल्या माणसांची बैठक कोठे भरते, असे विचारू लागताच भलेभले माहीतगार गप्प होतात. गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यासाठी आम्हांला ही विचारपूस करावी लागली. कचेरीतले दफ्तर ज्याने आयुष्यभर इमानेइतबारे सांभाळले, पण दिवेलागणीनंतरचा स्वतःचा हिशेब ज्याला कधीच जुळवता आला नाही, असा हा गृहस्थ. वऱ्हाडात रूढ असलेले सारे उपाय त्याचे करून झाले होते: पंढरीची माळ घातली होती, ग्रामदैवतापुढे शपथ वाहिली होती, आणि 'न सांगता दारू सोडवा' अशी ग्वाही रस्त्याकडेच्या भिंतींवर ज्या पुडीविषयी दिलेली असते, तीही त्याच्या पत्नीने वरणात कालवून त्याला खाऊ घातली होती. माळेची थट्टा करण्याचे कारण नाही. तिच्या धाकाने सुटलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत. परंतु शपथ हा तहहयात लिहून दिलेला मुचलका असतो. तो एकदा मोडला की मोडणाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही, आणि तशी जागा न उरलेला मनुष्य पुन्हा गुत्त्याकडेच वळतो.

पत्ता अखेर मिळाला तो एका डॉक्टरांकडून. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हात थरथरणे, भास होणे, झटके येणे, प्रसंगी जिवावर बेतणे, असे सारे संभवते. म्हणून पहिले काही दिवस त्यांनी त्याला आपल्या देखरेखीखाली ठेवले, आणि निरोप देताना औषधांच्या चिठ्ठीमागे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या बैठकींचे दोन पत्ते लिहून दिले, एक अमरावतीचा व दुसरा अकोल्याचा. स्नेह्याने अकोल्यावर बोट ठेवले. "इथं गेलो अन् आपल्याच गल्लीतला कोनी निंगाला तं?" असा त्याचा सवाल होता. तो गल्लीकरही तेथे त्याच कामासाठी आलेला असेल, हे आम्ही परोपरीने सांगून पाहिले. पण भर चौकातल्या दुकानापुढे उभे राहताना ज्याला कधी संकोच वाटला नाही, त्याला या एका दाराशी लाज आडवी आली होती.

म्हणून बडनेऱ्याहून गाडी धरली. वाटेत मुर्तिजापूर लागते, आणि त्याच तालुक्यात दापुरे आहे. शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि पोरका डेबू दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. पुढे आपल्या मुलीच्या बारशाला, दारू आणि मटण वाढण्याचा रिवाज मोडून, त्याने पंक्तीला गोडाचे जेवण घातले. हा डेबू म्हणजेच पुढचे गाडगेबाबा. त्यांच्या नावाने अमरावतीत नगर आहे, विद्यापीठ आहे. पण त्यांच्या जन्मकथेच्या आरंभी दारूने उद्ध्वस्त झालेले एक वऱ्हाडी घर आहे, हे जयंतीच्या भाषणांतून फारसे ऐकू येत नाही.

अकोल्याची बैठक एका शाळेच्या वर्गात होती. त्या दिवशी ती खुली असल्याने आम्हांलाही बसू दिले. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे अवघडून बसलेली माणसे. एकेकाने उठायचे, नुसते पहिले नाव आणि आपण दारुडे आहोत एवढे सांगायचे, व आपली कैफियत मांडायची. बाबा कीर्तनात प्रश्नांची सरबत्ती करून श्रोत्यांकडूनच उत्तरे वदवून घेत; येथे कोणी कोणाला काही विचारीत नाही आणि उपदेशही करीत नाही. फी नाही, अर्ज नाही, जामीन नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. डबा फिरतो, त्यात सभासद यथाशक्ती पैसे टाकतात, आणि बाहेरची देणगी स्वीकारायची नाही असा नियम आहे. आणि मागितले जाते ते केवळ आजच्या दिवसापुरते.

ही पद्धत उपजली ती अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, 1935 साली. धंद्यात अपयश आलेला न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल तेथल्या हॉटेलात उतरला होता. पलीकडे दारूचा बार खुणावत होता, आणि त्याने पाद्र्यांना टेलिफोन करकरून बोलायला दुसरा एखादा दारुडा शोधून काढला. तो निघाला गावातला एक शल्यवैद्य. मुंबईत ही चळवळ 1957 साली पोहोचली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, 1986 साली उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बरे झालेल्यांनी बरे होऊ पाहणाऱ्यांना हात देण्याला मोठे स्थान आहे.

पोळ्याच्या करीला आमचा स्नेही पुन्हा प्यायला. माळेच्या वेळी असे झाले तेव्हा तो महिनाभर घराबाहेर पडला नव्हता. या खेपेला पुढच्या बैठकीला गेला आणि उठून तसे सांगितले. कोणी दचकले नाही. ज्याला दारू सोडून साडेअकरा वर्षे झाली होती अशा एका भाजीवाल्याने त्याला चहा दिला, आणि जाताना आपला फोन नंबर त्याच्या हातावर लिहिला. ज्यांना असा भाजीवाला अद्याप भेटलेला नाही, त्यांच्यासाठी सरकारची 14446 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

वहिनींचा प्रश्न मात्र निराळा आहे. "यांचं झालं," त्या म्हणाल्या, "पन वीस वर्सं मी जे काढलं, ते मी कोनाजवळ बोलू?" घरच्या माणसांसाठी 'अल-ॲनॉन' नावाची वेगळी बैठक असते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिच्या पत्त्याची विचारपूस आता सुरू आहे, आणि ती अमरावतीतच असावी, असा वहिनींचा आग्रह आहे. गल्लीतले कोणी भेटले तर त्यांना हवेच आहे.