दुकान बंद, पुढे काय?

गावातले दारूदुकान बंद करण्यासाठी महिला मतदान मागू शकतात. ‘बाटली आडवी’ झाली, म्हणजे दुकान बंद करण्याचा कौल मिळाला, की गुलाल उधळला जातो. मात्र घरातला पिणारा तसाच राहतो. त्याने कुठे जायचे, हे जळगाव-धुळ्याच्या गावोगावी ठळकपणे सांगितले गेले पाहिजे.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटांची चळवळ १९५०च्या दशकातच भारतात आली. या गटांच्या सभांना फी नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ आहे. अशा स्वमदत गटांचा उपयोग होतो, हे संशोधनांच्या २०२०च्या कॉक्रेन आढाव्यानेही दाखवले.

पण सभा संध्याकाळी संपली आणि यावल, चोपडा, साक्रीकडची शेवटची एसटी चुकली, तर माणूस दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणून सभा तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी दुपारीही हव्यात. त्यांची जागा नि वेळ एसटी स्थानक, ग्रामीण रुग्णालय आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. खर्च फक्त एका फलकाचा. सोबत केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांकही द्यावा.

एक इशारा आवश्यक. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. शपथा घालून झाल्या; आता जिल्हा प्रशासनाने पत्ता द्यावा.