मिसेस पॅटमोर यांच्या पदार्थातील मीठ

आपल्यापैकी अनेक जण वर्षातील काही महिने अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून येतात. दिवसभर घर रिकामे, बाहेर थंडी, गाडी चालविण्याची सोय नाही; अशा वेळी दूरचित्रवाणी हाच सोबती असतो. त्यातही जाहिरातींचा आणि आरडाओरड्याचा कंटाळा असलेली ज्येष्ठ मंडळी हळूहळू 'पीबीएस' या सार्वजनिक वाहिनीकडे वळतात आणि तेथे रविवारी रात्री लागणाऱ्या ब्रिटिश मालिकांत रमतात. परत आल्यावर दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता या मालिकांच्या गप्पा निघतात. मलाही त्यांची आवड आहे. आता त्यांतील बऱ्याचशा भारतात घरबसल्याही पाहता येतात, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहे. अर्थात डॉक्टरच्या नजरेने.

ही परंपरा बरीच जुनी आहे. बॉस्टनच्या सार्वजनिक केंद्राने जानेवारी १९७१ मध्ये 'मास्टरपीस थिएटर' हा कार्यक्रम सुरू केला. ॲलिस्टर कुक हे जन्माने इंग्रज असलेले पत्रकार खुर्चीत बसून प्रत्येक भागाची प्रस्तावना करीत, आणि ती त्यांनी १९९२ पर्यंत केली. १९८० साली रहस्यकथांसाठी 'मिस्टरी!' हा स्वतंत्र कार्यक्रम आला. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स', जेरेमी ब्रेट यांचा शेरलॉक होम्स, डेव्हिड सुशे यांचा पॉयरो, 'इन्स्पेक्टर मोर्स' हे सारे अमेरिकन प्रेक्षकांना याच वाटेने भेटले.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी पाहण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. या वाहिनीवर भागाच्या मध्ये जाहिराती नसतात. मनाला ते सुखाचे, पायांना मात्र नाही. कारण माणूस तासभर जागचा हलत नाही. पायांवर सूज येत असेल किंवा गुडघे आखडत असतील, तर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात एक फेरी मारावी. दुसरी तक्रार ऐकण्याची. "आवाज येतो, पण बोलणे समजत नाही," असे अनेक जण सांगतात आणि त्याचा दोष इंग्रजांच्या उच्चारांना देतात. उच्चार कठीण असतात हे खरेच. परंतु वयोमानाने कानाची उंच पट्टीतील आवाज ग्रहण करण्याची शक्ती आधी कमी होते. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने मात्र निसटतात, आणि शब्दाचा अर्थ बहुधा व्यंजनांवरच उभा असतो. आवाज मोठा केल्याने घरातील इतरांना त्रास होतो आणि आपल्याला फार लाभ होत नाही. पडद्यावर संवादांची अक्षरे उमटण्याची सोय असते, ती सुरू करावी. कानात मळ साचला आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि श्रवणतपासणी करावी. घरातील माणसांचे बोलणेही पुन्हा पुन्हा विचारावे लागत असेल, तर इंग्रजांना दोष देणे थांबवावे.

आता मिसेस पॅटमोर यांच्याकडे येऊ. 'डाउन्टन ॲबी' ही मालिका ब्रिटनमध्ये २०१० साली आणि पीबीएसवर जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. यॉर्कशायरमधील एका उमरावाचा वाडा, वर मालकमंडळी आणि खाली नोकरमंडळी, काळ १९१२ पासून पुढचा. स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणजे मिसेस पॅटमोर. तोंडाने फटकळ, हाताने सुगरण. पहिल्याच पर्वात त्या अधिकाधिक चिडखोर होत जातात. वस्तू सापडत नाहीत, पदार्थ हातून सांडतात, आणि प्रत्येक वेळी बोलणी खाते ती मदतनीस मुलगी डेझी. मालकीणबाई एक नवा गोड पदार्थ करण्यास सुचवितात, तर मिसेस पॅटमोर हट्टाने नकार देतात आणि नेहमीचाच रासबेरीचा पदार्थ करतात. मेजवानीत पाहुणा पहिला घास घेतो आणि थुंकून टाकतो. साखरेऐवजी मीठ पडलेले असते.

हा प्रसंग विनोदी म्हणून दाखविला आहे आणि हसूही येते. परंतु त्यामागचे आधीचे प्रसंग पुन्हा आठवून पाहा. नव्या पदार्थाला नकार का? कारण त्याची कृती वाचून करावी लागली असती, आणि वाचता येत नव्हते. जुना पदार्थ हातांना पाठ होता. चिडचिड का? कारण दिसत नसल्याचे कुणाला कळू द्यायचे नव्हते. स्वयंपाकिणीची दृष्टी गेली म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे घरही गेले. हा हिशेब त्यांनी मनात केव्हाच मांडलेला असतो. पुढे मालक त्यांना लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात पाठवितात, सोबतीला ॲना ही दासी देतात. त्या काळात बदली स्वयंपाकीण येणार म्हटल्यावर मिसेस पॅटमोर डेझीला तिचे पदार्थ बिघडविण्याची कामगिरी सोपवून जातात! आपली जागा दुसरीने घेऊ नये, एवढीच त्यांची धडपड.

मूरफील्ड्स हे खरेखुरे रुग्णालय आहे. १८०५ साली स्थापन झालेले आणि आजही नावाजलेले. मिसेस पॅटमोर तेथे गेल्या त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसविण्यासाठी भिंग नव्हते. पुढे आयुष्यभर जाड चष्मा वापरावा लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्येच, परंतु १९४९ साली केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे कण शिरले, तरी डोळा त्यांना विरोध करीत नाही, हे त्यांनी ध्यानात घेतले होते. आज सुमारे अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून हे काम होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तरीसुद्धा "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" हे वाक्य मला आजही दर आठवड्याला ऐकावे लागते. पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. रोजच्या कामांत अडचण येऊ लागली, की शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ झाली. शिवाय अंधुक दिसण्याचे कारण मोतीबिंदूच असेल असे नाही. काचबिंदूने किंवा मधुमेहाने पडद्याला झालेली हानी बरीचशी भरून येत नाही, म्हणून कारण लवकर कळणे महत्त्वाचे.

मोतीबिंदूत अक्षरे पुसट होतातच. त्याखेरीज रंगांतील फरक ओळखण्याची क्षमताही मंदावते. पांढऱ्या ओट्यावर पांढरे मीठ आणि पांढरी साखर, पांढऱ्या ताटलीत पांढरा भात, एकाच रंगाच्या जिन्यातील शेवटची पायरी. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची सून सांगत होती, "हल्ली आई मुद्दाम भाजी खारट करतात, माझ्यावर राग आहे त्यांचा." आजी शेजारी गप्प बसून होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांनी ही गोष्ट वर्षभर लपविली होती, कारण "स्वयंपाकघर सुटले, तर या घरात माझे काय काम?" काळजीवाहू मंडळींनो, घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या सवयींत अचानक बदल दिसला, म्हणजे पोथी वाचणे सोडले, नवे काही करण्यास नकार, संध्याकाळनंतर बाहेर पडणे बंद, विनाकारण चिडचिड, तर स्वभाव बिघडला असा निष्कर्ष काढण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

त्याच वाड्यात मिसेस ह्यूज या गृहव्यवस्थापिका आहेत. तिसऱ्या पर्वात त्यांना छातीत गाठ लागते. त्या ही गोष्ट सांगतात फक्त मिसेस पॅटमोर यांना, आणि दोघी मिळून डॉक्टरांकडे जातात. अहवाल येईपर्यंतचे दिवस फार बारकाईने दाखविले आहेत. मुख्य सेवक कार्सन यांना चाहूल लागते, मालकीणबाईंच्याही कानावर जाते. तेव्हा त्या मिसेस ह्यूज यांना बोलावून सांगतात की आजार निघाला तर तुमची देखभाल येथेच होईल, कोठे जावे लागणार नाही. मिसेस ह्यूज यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी सैल होतो. निदान अजून कळायचे असते, तरीही. गाठ साधी निघते आणि एरवी अत्यंत गंभीर असणारे कार्सन चांदीची भांडी घासताना गाणे गुणगुणू लागतात. सत्तरीतील स्त्रियाही गाठ दाखविण्यास संकोचतात. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. दुखो वा न दुखो, गाठ त्याच आठवड्यात दाखवावी.

२०१५ साली प्रसारित झालेल्या शेवटच्या भागात कार्सन यांचेच हात कापू लागतात. मद्य ओतणे हे ज्यांच्या आयुष्याचे ब्रीद, त्यांच्या हातून ते सांडते. वडिलांना आणि आजोबांनाही हाच त्रास होता, असे ते सांगतात. पडद्यावरील रुग्णाचे निदान करू नये, पण काम करताना कापणारे हात आणि घराण्यातील इतिहास पाहिला की डॉक्टरच्या मनात अनुवांशिक कंप येतो. कंपवात म्हणजे पार्किन्सन्समध्ये हात बहुधा स्वस्थ असताना अधिक कापतो, आणि हालचालींत मंदपणाही येतो. थायरॉइडचा विकार किंवा दम्याची काही औषधे यांनीही कंप येतो. म्हणून कप हिंदकळू लागला की "वय झाले" म्हणून गप्प बसू नये. शेजाऱ्यांच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत, कारण कंपासाठी दिले जाणारे एक नेहमीचे औषध दमेकऱ्यांना घातक ठरू शकते. मालिकेत कार्सन यांचे पद थॉमस बॅरो या तरुणाकडे जाते, परंतु मोठ्या समारंभांवर देखरेख करण्याचा मान त्यांच्याकडेच राहतो. पटकथाकार ज्युलियन फेलोज यांनी ही तजवीज मोठ्या समजुतीने केली आहे. कित्येक घरांत निवृत्ती म्हणजे एका दिवसात सारे हातातून काढून घेणे असते.

काळजीवाहू वाचकांसाठी आणखी एक पात्र. अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल यांची भूमिका जोन हिक्सन यांनी बीबीसीवर सुरू केली ती १९८४ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, आणि बाराही कादंबऱ्या पूर्ण केल्या १९९२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी! त्यांतील अखेरची 'द मिरर क्रॅक्ड'. १९६२ च्या मूळ कादंबरीत मिस मार्पल आजारातून उठल्या आहेत, बागकामास बंदी आहे, विणताना टाके सुटतात. भाच्याने सोबतीला मिस नाइट नावाची बाई ठेवली आहे. ती मनाने चांगली, पण म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलते. मिस मार्पल तिला दूरच्या दुकानांत कामाला पिटाळतात आणि स्वतः हळूच फिरायला निघतात. त्या पडतातही. त्यांचे डॉक्टर मात्र फिरण्यास मनाई करीत नाहीत. उलट तुम्हाला एखाद्या खुनाचा गुंता सोडवायला हवा आहे, असे अर्धवट थट्टेत सांगतात. या डॉक्टरांविषयी मला फार आदर आहे. पडण्याची भीती खरी आहे; त्यासाठी पादत्राणे, न्हाणीघरातील कठडे, काठी, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार हे सारे करावे. पण बसवून ठेवल्याने पायांची शक्ती जाते आणि पडणे आणखी जवळ येते. या कथेचा उलगडा एका वैद्यकीय गोष्टीवर आधारलेला आहे. ती मी सांगणार नाही, आपणच पाहावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची सेवा करणाऱ्यांनी 'कॉल द मिडवाइफ' अवश्य पाहावी. जेनिफर वर्थ यांच्या आठवणींवर आधारित ही मालिका २०१२ साली सुरू झाली. लंडनच्या गरीब पॉप्लर भागात सुईणीचे काम करणाऱ्या जोगिणींच्या मठात सिस्टर मोनिका जोन या वृद्ध जोगीण आहेत. जूडी पारफिट यांनी त्या उत्तम साकारल्या आहेत. सिस्टर केक चोरून खातात, काळवेळ विसरतात, आणि मध्येच असे काही बोलून जातात की सारे थक्क होतात. पहिल्याच पर्वात त्यांच्यावर चोरीचा आरोप येतो आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. मठ त्यांची लाज वाटून घेत नाही, त्यांना दुरुस्त करण्याचा हट्टही धरत नाही. रोज तेच तेच सांगून थकलेल्या सुनांना आणि मुलांना हे पाहून थोडे हलके वाटेल.

सर्वांत शेवटी त्या वाड्यातील आजी, लेडी व्हायोलेट. मॅगी स्मिथ यांनी त्यांना अमर केले. स्वतः मॅगी स्मिथ २०२४ साली वयाच्या ८९ व्या वर्षी गेल्या. २०१९ च्या चित्रपटात लंडनला जाऊन तपासण्या करून आलेल्या व्हायोलेट आपल्या नातीला एकांतात सांगतात की आता फार काळ उरलेला नाही. बाजूच्या दालनात नृत्य चाललेले असते. त्या मुलाला सांगत नाहीत, नातीला सांगतात; कोणाला सांगायचे हे त्यांनी स्वतः ठरविलेले असते. पुढच्या वेळी आईवडिलांना तपासणीला आणाल, तेव्हा अहवाल त्यांच्या हाती न देता थेट खिशात घालण्यापूर्वी त्यांनाच विचारा की त्यांना किती जाणून घ्यायचे आहे आणि कोणासमोर. मीही आता रुग्णाला हाच प्रश्न आधी विचारतो, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून.