धुराड्याची ओढ

लाकडाच्या स्टोव्हचं दार उघडताच धूर खोलीत येतो, अशी तक्रार असली की सगळे आधी स्टोव्हला नावं ठेवतात. मला हे पटत नाही. स्टोव्ह ही बिचारी बिडाची पेटी. हवा ओढायचं काम धुराड्याचं!

व्हरमाँटला मुलीकडे हेच चाललं होतं. जुन्या फायरप्लेसमध्ये स्टोव्ह बसवलेला आणि विटांच्या धुराड्यातून स्टीलची नळी वरपर्यंत सोडलेली. तिकडे तिला लायनर म्हणतात. तरीही धूर यायचाच. दुकानदाराने धुराड्यावर बसवायचा विजेचा पंखा सुचवला आणि जावईबापू लगेच तयार! मी म्हटलं, थांबा, आधी कारण तर शोधू. (इतकी वर्षं वह्या तपासल्या, ही खोड जायची नाही.)

मुळात लायनर घालतात कशासाठी? आतली हवा गरम आणि हलकी, बाहेरची थंड आणि जड. या फरकातून ओढ तयार होते. सहा इंची नळीचं तोंड साधारण २८ चौरस इंच, तर फायरप्लेसचं ८ बाय १२ चं धुराडं ९६. एवढ्या जागेत धूर पसरतो, रेंगाळतो, निवतो, म्हणून अरुंद नळी. पण धुराडं बाहेरच्या भिंतीला असेल तर थंडीत ते गारठतं, आणि उघड्या नळीतला धूरही वाटेतच निवतो. मग ओढ तर मंदावतेच, शिवाय आत चिकट काजळी धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते.

आम्ही फुकटातली परीक्षा केली. आधी खिडकी बोटभर उघडली. त्याने धूर थांबला असता तर दोष हवाबंद घराचा होता, कारण स्वयंपाकघरातला पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र घरातली हवा बाहेर फेकतात आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. तसं झालं नाही. टोपीची जाळी मोकळी होती, लाकूडही वाळलेलं. मग वर्तमानपत्राचा पेटता बोळा नळीच्या तोंडाशी धरला. दोनच मिनिटांत धूर सरळ वर! म्हणजे दोष गारठलेल्या नळीचा. धुराडं साफ करणाऱ्याकडून ती बाहेर काढून तिला उष्णता धरून ठेवणारं लोकरीसारखं वेष्टण घातलं.

धुराडं फारच बुटकं असेल आणि वाढवता येत नसेल, तर पंखा लागतोही. पण हिमवादळात आधी जाते ती वीज, आणि स्टोव्ह हवा असतो तो नेमका तेव्हाच. पंखा बंद पडला की धूर घरात. त्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला ना रंग, ना वास. स्टोव्हच्या शेजारच्या खोलीत माझा नातू झोपतो. त्या दाराबाहेर बॅटरीवर चालणारा धोक्याचा भोंगा तेवढा मी हट्टाने लावून घेतला.