कबुतरांच्या पाट्या

ऑक्टोबर २०१४. इंग्लंडमधील क्लॅक्टन-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावात पोटनिवडणूक होती. तिथले खासदार हुजूर पक्ष सोडून, बाहेरून येणाऱ्यांच्या विरोधात राजकारण करणाऱ्या यूकिप पक्षातर्फे पुन्हा उभे होते. मतदानाच्या थोडे आधी बँक्सी या, ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराने तिथे पक्षी काढले. तारेवर एका बाजूला पाच करडी कबुतरे, दुसऱ्या बाजूला एकटी हिरवट भिंगरी. कबुतरांच्या पाट्यांवर मजकूर असा: स्थलांतरित नकोत, आफ्रिकेत परत जा, आमच्या अळ्यांपासून लांब राहा.

चित्र वंशद्वेषी असल्याची तक्रार आली आणि स्थानिक कौन्सिलने ते काढून टाकले. चित्रकार कोण हे कळल्यावर हीच कौन्सिल म्हणाली, पुन्हा या, पण योग्य चित्र काढा!

आता पक्ष्यांकडेच बघा. भिंगरी उडता उडता हवेतले कीटक टिपते. जमिनीवरच्या अळ्यांशी तिचे देणेघेणे नाही. कबुतराचे मुख्य खाणे तर दाणे. म्हणजे भांडण ज्या घासावरून चालले आहे, त्यावर दोघांचेही पोट नाही. शिवाय ब्रिटनमध्ये घरटी करणाऱ्या भिंगरीची पिल्ले जन्मतात ब्रिटनमध्येच. आफ्रिकेत ती फक्त हिवाळा काढतात. त्यांनी 'परत' जायचे कुठे? आणि शहरातली कबुतरे? माणसाने पाळलेल्या, पुढे मोकाट झालेल्या कबुतरांची वंशज! वर्चस्वाचा दावा असाच असतो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरांना चालत होते, आमच्या माणसांच्या ओंजळीला नव्हते. ते काही पाणी कमी पडत होते म्हणून नव्हे.

हे चित्र आम्ही वस्तीतल्या अभ्यासवर्गात दाखवले, तेव्हा आपल्याच काही तरुणांनी 'पुसले ते बरे झाले' असे म्हटले. त्यांना आम्ही हसत नाही. 'लांब राहा' हे ज्याने घरात, गावात पिढ्यान् पिढ्या ऐकले, त्याला भिंतीवर तेच दिसले तर आधी जखमच दुखणार. पण पाटी कोणी धरली आहे आणि चित्रकार कोणाला उघडे पाडतो आहे, हे न पाहताच आपणही 'भावना दुखावल्या' म्हणू लागलो, तर उद्या सवर्णाच्या तोंडची शिवी जशीच्या तशी मांडणारी आपली कविता, आपले नाटक याच नियमाने बंद पाडले जाईल. तेव्हा तक्रार कोण करेल, हे सांगायला हवे काय?

क्लॅक्टनमध्ये ९ ऑक्टोबरला मतदान झाले. यूकिपचे उमेदवार निवडून आले. भिंत त्याआधीच कोरी झाली होती.