गाडी कोण चालवते?

आमच्या घरात वाहनशास्त्राचे एकच विद्यापीठ आहे आणि त्याचे कुलगुरू म्हणजे माझे वडील. भातसानगर ते शहापूर या रस्त्यावर त्यांनी अठरा वर्षे काळीपिवळी जीप चालवली. प्रमाणपत्र म्हणाल तर लायसन्स तेवढे. पण अंगणात खाटेवर पडले असताना रस्त्यावरून कुणाची जीप गेली, की डोळे न उघडता सांगणार, "मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय याचं. खर्डीपर्यंत पोचला तर नशीब."

अशा माणसाला गेल्या दिवाळीत माझ्या आतेभावाने आपल्या नव्या कोऱ्या मोटारीत बसवले. त्या एका दिवसात जे पाहिले, त्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

"मामा, तुम्हीच चालवा की," आतेभाऊ म्हणाला. बाबा मोठ्या हौसेने चाकामागे बसले आणि डाव्या हाताने हँडब्रेक चाचपू लागले. तो तिथे नव्हताच. त्याच्या जागी एक बटण. किल्ली लावायला भोक शोधले, तर तिथेही बटण. क्लचचा पाय हवेतच राहिला. "अरे, सगळं बटणावर, मग मी करायचं काय?" आम्ही सारे हसलो. बाबाही हसले; पण मुकाट्याने उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांचे ते मागे जाऊन बसणे मला लागले.

आम्ही इगतपुरीला घाटनदेवीच्या दर्शनाला निघालो होतो. शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आतेभावाने वेग ठरवून दिला आणि पाय काढून घेतला. काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचत होता, पुढचे रडार समोरच्या गाडीशी अंतर राखत होते, आणि सुकाणू आपले आपणच किंचित वळत होते. ज्या कसारा घाटात बाबांच्या तरुणपणी गाड्या धापा टाकत उभ्या राहायच्या, तो घाट सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पाच-सहा मिनिटांत मागे पडला. ना वळण, ना दरी, ना धुके. 'घाट आला' असे कुणी म्हटलेच नाही. कारण तो आलाच नाही.

बोगद्यातून बाहेर पडतो न पडतो तोच गाडीने टुणटुण आवाज केला आणि समोरच्या पडद्यावर कॉफीच्या कपाचे चित्र उमटले. आदल्या रात्री जागरण झालेल्या आतेभावाची मान जरा कलली होती. बाबा मागून शांतपणे म्हणाले, "भाचेबुवा, पुढच्या फाट्याला खाली उतर. चहा घेऊ."

वाचकहो, इथेच माझा प्रश्न सुरू होतो. त्या कपाने आम्हांला वाचवले, हे मी कबूल करतो. पण जाग्या माणसाला डुलकी लागावी इतके रिकामे त्याला कुणी ठेवले होते? त्याच गाडीने! आधी हातातले काम काढून घ्यायचे, आणि मग 'लक्ष नाही' म्हणून घंटा वाजवायची, हा न्याय मला अजब वाटतो.

हे नुसते माझे कॉलेजकुमारी तर्कट नाही. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच एका निबंधात हे मांडून ठेवले आहे. यंत्र सोपे काम स्वतःकडे घेते आणि माणसाला नुसते पाहत बसायला सांगते. नुसते पाहत बसणे हेच माणसाला सर्वांत कमी जमते. शिवाय न वापरलेले कौशल्य गंजते, आणि अडचणीच्या क्षणी यंत्र नेमके तेच कौशल्य मागते. त्यांचे उदाहरण कारखान्यांचे होते. आज ते आपल्या गाडीत येऊन बसले आहे. समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यानंतर सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असून मन झोपते, या 'महामार्ग संमोहना'ची वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली, ती उगीच नव्हे.

आता कुणी म्हणेल, 'म्हणजे जुने तेच सोने का?' मुळीच नाही. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी उन्हाळ्यात घाट चढताना प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलेले नसते. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती मोटार, तिचा चाकाजवळचा गिअरचा दांडा आणि थंडीत ओढायचा चोक आठवून आज डोळे पाणावतात. पण त्या काळी लोक सुटकेचीच वाट पाहत होते. म्हणून तर डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तिच्यासाठी रांगा लागल्या. प्रवास मुळात मोटारीचा नवखा धंदा होता तेव्हाही हेच. १८८८ साली बर्था बेंझ ही धाडसी बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला शंभरावर किलोमीटर गेली, तेव्हा तिने टोपीच्या पिनेने इंधनाची नळी साफ केली आणि वाटेत चांभाराकडून ब्रेकला चामडे ठोकून घेतले. आज प्रत्येकाने टोपीची पीन बाळगावी, असे मी म्हणणार नाही.

तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नाही. काही सोयी दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या राखणदारासारख्या असतात. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिनने दिलेला तीन टोकांचा पट्टा घ्या, किंवा २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झालेले चाक न अडकू देणारे ब्रेक घ्या. ते एरवी गप्प असतात. प्रसंग आला की धावतात. त्यांनी कुणाचा आनंद हिरावला नाही. दुसऱ्या सोयी मात्र घरात शिरून आपल्याच पाटावर बसतात. त्या चालकाला प्रवासी करतात, जबाबदारी मात्र चालकाचीच ठेवतात. पहिल्यांचे स्वागत असो. दुसऱ्यांना आपण कुठे बसवायचे ते आपण ठरवावे.

परतताना बाबा म्हणाले, "घाटानं जाऊ." आणि या वेळी ते न विचारता पुढे बसले. जुन्या कसारा घाटाच्या तोंडाशी त्यांनी विचारले, "गिअर खाली कसा घ्यायचा?" आतेभावाला सांगता येईना! सहा महिने गाडी वापरून त्याला ती गरजच पडली नव्हती. पुस्तिका काढली, पाने उलटली, आणि दांडा बाजूला ओढून हाताने गिअर बदलता येतात हे कळले. "ज्या गिअरनं घाट चढायचा, त्याच गिअरनं उतरायचा. ब्रेक तापवायचा नाही," बाबांनी धडा दिला आणि एंजिनाच्या आवाजावर गाडी अलगद खाली आणली. वळणावर आवाज, समोर ट्रक दिसला की हात वर करून सलाम. डावीकडची दरी, उजवीकडची कातळभिंत, सगळे आम्ही पाहिले. शेजारी बसलेला आतेभाऊ टक्क जागा होता. लतीफवाडीला तो म्हणाला, "मामा, मला हे शिकवा."

मित्रहो, आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले उद्या पोटासाठी चाक धरणार आहेत. मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी भातसा पुरवते आणि शहापूरची गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तसा हा नवा रस्ताही आपल्या शिवारातून जातो; दुचाकीला मात्र त्यावर मज्जाव आहे. याच रस्त्याच्या कामावर सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर उभारणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. रस्ता आणि यंत्र ही दोन्ही माणसाच्या हातांनीच होतात, हे विसरून आपण हातच निरुपयोगी ठरवू लागलो, तर आपल्याकडे उरेल काय? माझे मागणे एवढेच, की नवी गाडी घेणाऱ्याने आपल्या गाडीचे पुस्तक वाचावे, चाक बदलायला शिकावे, आणि वर्षातून एकदा तरी घाट स्वतः उतरावा.

शहापूर सोडून भातसानगरच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यावर पांढरा पट्टा नव्हता, होत्या त्या घरी निघालेल्या म्हशी. पडद्यावरचे हिरवे चिन्ह विझले. गाडीला काही वाचता येईना.

तिथून पुढे गाडी बाबांनीच चालवली.